पेन्शनीतील मुक्काम

‘पेन्शन’ हा शब्द आमच्या घरात आजवर एकाच अर्थाने नांदत आला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जमा होणारी, दरसाल नोव्हेंबरात हयातीचा दाखला हजर केला नाही तर बंद पडणारी, आणि मुंबई महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षे खडू झिजविल्याबद्दल आईस मिळणारी जी रक्कम, तिचे नाव पेन्शन. त्यामुळे व्हिएन्नास आपण एका पेन्शनीत उतरणार आहोत, असे मी जेवणाच्या वेळी जाहीर केले तेव्हा आईने घास हातातच ठेवून विचारले, “म्हणजे निवृत्त माणसांचा आश्रम का रे?” मी हसलो खरा, परंतु पुढे शब्दकोश चाळताना ध्यानात आले की या दोन शब्दांचे कूळ एकच आहे. लॅटिनमध्ये तोलून देणे, मोजून देणे या अर्थाचा जो धातू आहे, त्याची एक शाखा सरकारी खजिन्यात शिरली आणि निवृत्तिवेतन झाली; दुसरी फ्रेंच भाषेतून, राहण्याजेवण्याचे पैसे मोजून परक्याच्या घरात मुक्काम करण्याच्या वहिवाटीचे नाव होऊन, जर्मन मुलखात पोहोचली. दोन्हीकडे मोजणे आहेच; एकीकडे आई मोजून घेते, दुसरीकडे मी मोजून देणार होतो, एवढाच काय तो फरक.

देणे बेताचे असावे, हीच या निवडीची मूळ प्रेरणा होती, हे कबूल करण्यात संकोच नको. आई, आम्ही दोघे, तेरा वर्षांची कन्या आणि नऊ वर्षांचे चिरंजीव अशा पाच जणांस मे महिन्याच्या सुट्टीत कोणत्याही बऱ्या हॉटेलात सात रात्री ठेवणे आमच्या मिळकतीच्या माणसास झेपणारे नव्हते; आणि ज्या रकमेत हॉटेलवाले एक खोली देऊ करीत होते, तीत या पेन्शनीत दोन खोल्या, सकाळची न्याहारी आणि दालनाच्या टोकाचे सामाईक शौचगृह एवढे मिळत होते. शेवटच्या बाबीचा उल्लेख पत्रव्यवहारात मालकीणबाईंनी स्वतःहून, जवळजवळ अपराधी स्वरात, तीनदा केला होता. गिरगावातील चाळीत ज्यांची हयात गेली, त्यांना ही अडचण कशी वाटावी, हे त्यांस कळवावे असे मनात येई. पण तेवढे मोठे पत्र कोण लिहिणार?

विमानतळावरून जी महागडी आगगाडी सोळा मिनिटांत शहरात नेते, तिच्याकडे पाठ फिरवून आम्ही साधी लोकल पकडली, आणि एकदा गाडी बदलून योझेफश्टाट या आठव्या विभागाच्या कडेस असलेल्या, ऑटो वाग्नर या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या उंच लोहमार्गाच्या स्थानकावर उतरलो. तेथून दहा मिनिटांच्या चालीवर ती इमारत होती. रस्त्यावर हॉटेलची म्हणावी अशी एकही खूण नव्हती. एक भव्य लाकडी दरवाजा, त्याच्या बाजूस घंटांच्या बटणांची रांग, आणि दंतवैद्य व वकील यांच्या पाट्यांमध्ये अंग चोरून बसलेली पेन्शनीची पितळी पाटी. पेन्शन म्हणजे स्वतंत्र वास्तू नव्हेच. राहत्या इमारतीतला एखादा मजला, ज्यात पूर्वी एखादे मोठे कुटुंब नांदत होते आणि आता खोली खोली परक्यांस दिली जाते, त्याला तिकडे हे नाव आहे.

“दुसरा मजला,” असे मालकीणबाईंनी लिहिले होते. आम्ही एक जिना चढलो. पाटीवर ‘होखपार्टेर’, अर्थात उंचावलेला तळमजला. दुसरा चढलो, ‘मेत्सानीन’, म्हणजे मधला मजला. तिसऱ्या जिन्याच्या अखेरीस पहिला मजला उगवला आणि चौथ्यानंतर दुसरा. लिफ्ट होती, काचेची तावदाने, शिसवी बाक आणि पितळी कडी असलेली ती पेटी एखाद्या संस्थानिकाच्या देव्हाऱ्यासारखी देखणी होती, परंतु तीत दोनच माणसे मावत, आणि आई व सर्वांत जड बॅग यांची वर्णी लागल्यावर उरलेल्यांनी मजल्यांचे हे गणित पायांनी सोडविले. व्हिएन्नाचे लोक याबद्दल गमतीने सांगतात की मजल्यांच्या संख्येवर सरकारची मर्यादा असल्यामुळे घरमालकांनी मजल्यांस मजले म्हणणेच टाळले. आमच्याकडेही ‘तळ अधिक चार’ असा परवाना घेऊन पाचव्यावर पोटमाळा चढविणारे बिल्डर आहेत. पण त्यांनी आपल्या चलाखीस इतकी गोड नावे दिलेली नाहीत.

दार उघडणाऱ्या मालकीणबाई साठी ओलांडलेल्या, उंच, करड्या केसांच्या होत्या. चष्मा गळ्यात साखळीने लोंबत होता आणि त्याच गळ्यात, दुसऱ्या साखळीने, किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी आधी आईस हात दिला, मग मुलांस, मग सौभाग्यवतीस आणि सर्वांत शेवटी मला. हा क्रम आईच्या मनात कायमचा भरला. त्यांच्या मागोमाग आम्ही लांबलचक, अर्धवट अंधाऱ्या दालनातून निघालो, आणि निम्म्यावर आईस ठेच लागली. जमीन तेथे एकाएकी एका पायरीएवढी वर चढत होती. “पायरी,” मालकीणबाई म्हणाल्या, “माफ करा, मी आधी सांगायला हवे होते, सगळेच इथे अडखळतात.” त्या वेळी आम्ही त्या पायरीचा अधिक विचार केला नाही.

खोल्या मात्र, खरोखर, पाहण्यासारख्या होत्या. आमच्या मुंबईतल्या घरात ज्या उंचीत माळ्यासकट सारा संसार बसतो, तिच्याहून चार हात उंच छत. माशाच्या काट्यासारख्या तिरप्या पट्ट्यांची लाकडी जमीन, जी कोणी रात्री पाणी प्यायला उठले तरी साऱ्या दालनास वर्दी देई. आणि एकामागे एक अशा दोन तावदानी जोड्यांच्या खिडक्या, ज्यांच्या मधल्या पोकळीत थंडीच्या दिवसांत हवा कोंडून ऊब राखली जाते. चिरंजीवांनी त्या पोकळीत आपल्या मोटारी रांगेने उभ्या केल्या. पलंग दोघांचा म्हणावा तर एक, म्हणावा तर दोन. लाकडी चौकट एक, पण गाद्या निराळ्या आणि पांघरुणेही निराळी. या व्यवस्थेवर सौभाग्यवतींनी, इतक्या वर्षांच्या संसारानंतर पांघरुणाच्या ओढाताणीवर अखेर कायदेशीर तोडगा सापडला, असा अभिप्राय दिला.

मग दप्तर उघडले. ऑस्ट्रियात पाहुण्याची नोंद हा केवळ हॉटेलचा शिरस्ता नसून कायद्याचा हुकूम आहे: नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, मायदेशाचा पत्ता, पारपत्राचा क्रमांक, आल्याची तारीख आणि जाण्याची तारीख एवढे सर्व लिहून खाली सही करावयाची, आणि ते कागद मालकाने सात वर्षे जपून ठेवावयाचे. तेथील रहिवाशांचीही यातून सुटका नाही. घर बदलले की तीन दिवसांत सरकारदरबारी वर्दी द्यावी लागते, आणि त्या वर्दीच्या कागदावाचून माणसाचे कोणतेही काम पुढे सरकत नाही. पेशवाईतील पुण्यातही शहरात येणाऱ्याजाणाऱ्या परक्यांची नोंद ठेवणे हे कोतवालाच्या कामांपैकी एक होते, हे मी आईस सांगितले. तिने आपली मराठी वळणाची सही केली, तिच्याकडे दूर धरून पाहिले आणि म्हणाली, “म्हणजे सात वर्षे मी इथे आहे म्हणायची.”

आम्ही पोहोचलो तो बुधवार होता, आणि दुसऱ्या दिवशी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण. तो नेहमी गुरुवारीच येतो, आणि त्या दिवशी, रविवारप्रमाणेच, झाडून सारी दुकाने बंद असतात. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, असे लिहिताना आजही सौभाग्यवतींची नजर पाठीवर जाणवते. शुक्रवारी निम्मे शहर रजा टाकते. सण आणि शनिवार यांच्यामध्ये सापडलेल्या अशा दिवसास तेथे ‘खिडकीचा दिवस’ म्हणतात, आणि सरकारी कारकुनांच्या या आंतरराष्ट्रीय बंधुत्वाचे मला कौतुक वाटले. एक लाभ मात्र पदरात पडला: सणावारी आणि रविवारी पंधरा वर्षांखालील मुलांस शहरातील ट्राम, बस व भुयारी रेल्वे मोफत असते, त्यामुळे उपाशी का होईना, पण मुले फुकट हिंडली.

उपाशी हे अतिशयोक्तीने म्हणतो. आईच्या बॅगेत पोहे, मेतकूट, भडंग आणि डिंकाचे लाडू होते. लाडवांतले तूप युरोपच्या जकातीच्या नियमांत कसे बसते, याची चौकशी आम्ही जाणूनबुजून केली नव्हती. खोलीत स्वयंपाकास सक्त मनाई होती. पण पाणी उकळण्याची किटली होती, आणि पाणी उकळणे म्हणजे स्वयंपाक नव्हे, असा निर्वाळा आईने दिला. भिजविलेल्या पोह्यांवर मेतकूट, लिंबू आणि डबीतला हिंग पडला, आणि दहा मिनिटांनी दारावर अत्यंत सभ्य अशी टकटक झाली. मालकीणबाईंस वायुवाहिनी फुटल्याचा संशय आला होता. आईने डबी पुढे केली. बाईंनी हुंगले, त्या एक पाऊल मागे सरल्या, आणि मग आठवण होऊन, लाजत लाजत, त्यांनी या पदार्थाचे जर्मन नाव सांगितले. त्याचा अर्थ, सौम्य शब्दांत, सैतानाची घाण. आई शांतपणे म्हणाली, “सैतानाची का असेना, पोटाला चांगली असते.” दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीस आईच्या पानावर, इतरांच्या पाव, लोणी, जर्दाळूचा मुरांबा आणि विणलेल्या टोपीखाली ऊब धरून बसलेल्या उकडलेल्या अंड्याऐवजी, एक वाटी भरून ताजे ‘टोप्फेन’ होते. आईने चमच्याने चाखून सांगितले, हा तर चक्का. त्यात तिने साखर घोटली. वेलची बॅगेत होतीच. मालकीणबाईंनी ते श्रीखंड दोनदा मागून घेतले.

या चक्क्याच्या मैत्रीतून मला ती हकीकत मिळत गेली, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. राजवाडे, चित्रशाळा, आणि १९४५ मध्ये बॉम्बने उद्ध्वस्त होऊन १९५५ मध्ये पुन्हा उघडलेले ऑपेरागृह, हे सारे आम्ही यथासांग पाहिले. त्यांची वर्णने करणारी पुस्तके विपुल आहेत. पण न्याहारीची भांडी उचलल्यावर बाई कॉफीचा दुसरा पेला घेऊन बसत, आणि मी वही घेऊन बसे.

पेन्शन त्यांच्या आजीने काढली. आजोबा पहिल्या महायुद्धात गेले. घरात जी शिल्लक होती ती देशभक्तीपोटी युद्धकर्जाच्या रोख्यांत घातलेली, आणि साम्राज्यच उरले नाही तेव्हा ते रोखे रद्दीच्या भावानेही कोणी घेईना. नाणे इतके कोसळले की १९२५ मध्ये नवे शिलिंग आले ते दहा हजार जुन्या क्रोनांस एक या दराने. पण एक गोष्ट विधवेच्या हाती राहिली, ती म्हणजे घर. आणि तेही मालकीचे नव्हे, भाड्याचे. आघाडीवरील सैनिकांच्या कुटुंबांस कोणी घराबाहेर काढू नये म्हणून १९१७ मध्ये सरकारने भाडी गोठविली, १९२२ च्या कायद्याने त्या संरक्षणास कायम स्वरूप दिले, आणि चलनफुगवट्याने ते गोठलेले भाडे नाममात्र करून टाकले. सहा खोल्यांचे घर जवळजवळ फुकट, आणि खाण्यास काही नाही. अशा परिस्थितीत चार खोल्या भाड्याने देऊन दोहोंत राहणे हा मार्ग व्हिएन्नाच्या हजारो कुलीन बायकांनी पत्करला. मुंबईकर वाचकास येथे १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आठवल्यावाचून राहणार नाही, आणि ज्यास आपण पागडी म्हणतो तिलाही तेथे एक स्वतंत्र शब्द आहे, हे ऐकून मला परमुलखात सोयरा भेटल्याचा आनंद झाला. स्वस्त भाड्याने घरमालक बुडतो, घर मोडकळीस येते, पण त्या घरातले माणूस तगते; या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि आमच्याकडच्या चर्चांत त्यांपैकी दोनच बोलल्या जातात, असे माझे मत आहे.

आजीच्या पाहुण्यांची तऱ्हा तरी भाग्यवानांची; त्यांना खोली मिळे. विसाव्या शतकाच्या आरंभी, शहर वीस लाखांच्या घरात गेले तेव्हा, खोली परवडत नसलेल्यांची एक जात होती, तिचे नाव ‘बेटगेयर’: हे लोक केवळ बिछाना भाड्याने घेत, तोही दिवसातील काही तासांपुरता. रात्रपाळीचा मजूर पहाटे येऊन ज्या गादीवर पडे, ती दिवसपाळीवाल्याच्या अंगाने अजून उबदार असे. आई हे ऐकत होती. ती म्हणाली, “आमच्या चाळीत तळमजल्यावर गिरणीतले बारा जण एका खोलीत राहायचे. वळकट्या सहाच होत्या.”

आणि मग नळ. इमारतीच्या मागील अंगास, चौकाकडे उतरणाऱ्या नोकरांच्या जिन्यावर, प्रत्येक मजल्याच्या वळणाशी भिंतीत बसविलेले एक बिडाचे कुंड आणि वर पितळी तोटी आहे. यास ‘बासेना’ म्हणतात. चौकाकडील एकदोन खोल्यांच्या बिऱ्हाडांस घरात पाणी नसे. साऱ्या मजल्याने तेथून भरावयाचे. शौचगृहही तेथेच, दालनात, सामाईक. व्हिएन्नाच्या बोलीत फुकाच्या गावगप्पांस आजही ‘बासेनावरच्या गप्पा’ म्हणतात. आईस ती तोटी दाखविली तेव्हा तिने काय करावे? तिने ती सोडली, हाताची ओंजळ केली, पाणी प्याली, आणि तोंड पुसून म्हणाली, “इथे बादल्यांवरून भांडणे होत असणार.” मालकीणबाईंस हे भाषांतरून सांगितले तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा साखळीसकट उडाला. भांडणे होत, म्हणजे काय! एकीने दुसरीचे नाव टाकले की मजल्यावरच्या बायका दोन तट करून वर्षानुवर्षे बोलत नसत, आणि पाणी मात्र एकीच्या बादलीमागे दुसरीची लावून भरीत.

ते पाणी हा या नगरीचा खरा दागिना आहे, असे माझे प्रांजळ मत झाले. पूर्वी शहर विहिरींवर आणि नदीच्या गाळलेल्या पाण्यावर जगे, आणि पटकी व विषमज्वर यांच्या साथी ठरलेल्या पाहुण्यांसारख्या येत. एदुआर्द झ्यूस हा भूगर्भशास्त्रज्ञ नगरसभेवर निवडून आला, आणि राक्स व श्नेबेर्ग या पर्वतांतील झऱ्यांचे पाणी नळाने थेट राजधानीत आणावे, असा त्याने आग्रह धरला. १८७३ च्या ऑक्टोबरात ते पाणी आले. त्याच वर्षी भरलेले जागतिक प्रदर्शन तेव्हा उठण्याच्या बेतात होते. मे महिन्यात रोखेबाजार कोसळून धनिकांचे दिवाळे निघाले होते आणि उन्हाळ्यात पटकीने गरिबांचे. १९१० मध्ये दुसरा नळमार्ग आला, श्टायरमार्क प्रांताच्या पर्वतांतून, सुमारे १८० किलोमीटर लांबीचा. त्यातून निघालेला थेंब दीड दिवसाने शहरात पोहोचतो, आणि वाटेत त्यास ढकलणारा एकही पंप नाही, केवळ उतार. आमच्या मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० मध्येच मिळाले होते, व्हिएन्नाच्या तेरा वर्षे आधी, हे मी मालकीणबाईंस जरा ताठ मानेने ऐकविले. त्यांनी विचारले, “मग आता ते तुम्ही उकळून का पिता?” यावर मी कॉफीकडे लक्ष वळविले.

कपड्यांचा प्रश्न चौथ्या दिवशी ऐरणीवर आला. खोलीतल्या हातधुणीच्या कुंडात मुलांचे मोजे धुता येत, चादरीएवढी लुगडी नव्हे. मालकीणबाईंनी जवळच्या धुलाईगृहाचा पत्ता दिलाच, पण जोडीस सांगितले की धुण्याची खरी मौज पाहावयाची तर हायलिगेनश्टाटला कार्ल मार्क्सच्या नावाच्या वसाहतीत जा. पहिल्या महायुद्धानंतर समाजवाद्यांच्या हाती नगरपालिका आली. १९२३ पासून ऐषआरामी घरांवर चढता कर बसवून तिने १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक बिऱ्हाडे बांधली. त्यांतली ही सर्वांत प्रसिद्ध, १९३० ची: एक किलोमीटरहून लांब, १३८२ बिऱ्हाडांची, कमानींमागून कमानी असलेली गुलाबी भिंत, तिच्यावर १९३४ च्या फेब्रुवारीत स्वदेशाच्याच सैन्याने तोफा डागल्या. तिच्या एका जुन्या धुलाईगृहात आता त्या काळाचे संग्रहालय आहे. बिऱ्हाडागणिक धुण्याचा दिवस नेमून दिलेला असे, आणि धुण्याच्या जागी पुरुषांस मज्जाव होता. आईने यावर बराच वेळ विचार केला. “बायका दिसू नयेत म्हणून,” तिने विचारले, “की बायकांना बोलता यावे म्हणून?” संग्रहालयातील तरुणीने मान्य केले की हा प्रश्न अद्याप कोणी विचारला नव्हता.

इमारतीच्या तळमजल्यावर एक वृद्धा राहते. तिची आई येथली ‘हाउसमाइस्टर’ होती, आणि आजीही. हाउसमाइस्टर म्हणजे झाडलोट करणारा, दिवे लावणारा, भाडेकरूंची उठबस जाणणारा आणि म्हणून सर्वांस धाक असणारा दरवान. ही नोकरी २००० मध्ये कायद्याने जवळजवळ संपविली गेली. आता जुने तेवढे आहेत, नवे नेमले जात नाहीत. वृद्धेने आजीकडून ऐकलेले सांगितले: रात्री दहाला मोठा दरवाजा बंद होई, आणि भाडेकरू, मग तो सरदार असो की शिंपी, त्याच्याकडे किल्ली नसे. घंटा वाजवावी, थंडीत उभे राहावे, आजी सपाता ओढीत येई, आणि उघडण्याबद्दल तिच्या हातावर नाणे ठेवावे लागे. सहा क्रॉयत्सरच्या नाण्यावरून त्या दस्तुरीस ‘श्पेरझेक्सर्ल’ म्हणत. आजीच्या मिळकतीचा तो मोठा हिस्सा. म्हणून १९२२ मध्ये भाडेकरूंस स्वतःच्या किल्लीचा हक्क मिळाला तो दिवस त्या घरात सुतकासारखा गेला. पेशव्यांच्या पुण्यात रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडणाऱ्यास चौकीत रात्र काढावी लागे. त्या मानाने सहा क्रॉयत्सर स्वस्तच. चिरंजीवांनी ही कथा दोनदा सांगावयास लावली.

पायरीचे राहिले. शनिवारी संध्याकाळी आम्ही परतत होतो, तेव्हा दरवाजापासून हातभर अंतरावर, फरशीत बसविलेल्या पितळी पाटीस आईचा पाय लागला. चार दिवसांत आम्ही तिच्यावरून किती वेळा गेलो असू. कन्येने वाकून अक्षरे लावली: चार नावे, एकच आडनाव, जन्माची चार साले, त्यांतले एक १९३१; आणि खाली १९४२, माली त्रोस्त्यानेत्स. १९३८ मध्ये या शहरात पावणेदोन ते दोन लक्ष ज्यू होते. त्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाला, आणि जे भाडेसंरक्षण आजीस तारून गेले होते ते ज्यूंपुरते हां हां म्हणता नाहीसे झाले. त्यांस घरांतून काढून दुसऱ्या विभागातील कोंदट बिऱ्हाडांत एकत्र कोंबले गेले, आणि तेथून आस्पांग स्थानकावर. मिन्स्कजवळच्या माली त्रोस्त्यानेत्स येथे व्हिएन्नाहून सुमारे दहा हजार माणसे नेण्यात आली. जिवंत परतलेली वीससुद्धा नाहीत. आईने पाय लागला म्हणून वाकून पाटीस हात लावला आणि तो कपाळास नेला. रस्त्याने जाणारा एक गृहस्थ थांबून पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर मी मालकीणबाईंस विचारले, की दालनात ती पायरी का आहे. प्रश्नाचा रोख त्यांनी ओळखला. त्यांनी पेला बशीत नीट मध्यावर ठेवला. पहिल्या सहा खोल्या आजीच्या जुन्या घराच्या, त्या म्हणाल्या. पुढल्या चार शेजारच्या बिऱ्हाडाच्या. दोन्हीची जमीन एका पातळीत नव्हती, म्हणून भिंत फोडल्यावर पायरी राहिली. भिंत केव्हा फोडली? “१९३९,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, “आजीने मला एवढेच सांगितले. मी लहान होते. मोठी झाल्यावर मी विचारायला हवे होते, आणि मी विचारले नाही.” पाटी बसविण्याचा अर्ज त्यांनीच केला होता, भाडेकरूंच्या सभेत दोघांनी विरोध केला, बाकीचे गप्प बसले, आणि गप्प बसणे ही संमती धरली गेली. माझ्या वहीत या दिवशी याहून अधिक काही लिहिलेले नाही. आमच्या खोल्या सात आणि आठ होत्या.

परतीचे विमान सकाळचे होते. हिशेब आदल्या रात्रीच पुरा झाला: खोल्यांचे भाडे, शहराचा मुक्कामकर, किल्ल्यांची अनामत परत, आणि आईच्या टोप्फेनबद्दल काही नाही. किल्ल्या देऊन टाकल्यामुळे पहाटे साडेचारास मोठा दरवाजा उघडण्यास मालकीणबाईंस खाली यावे लागले. त्या जाड झग्यावर शाल ओढून, सपाता फरफटवीत, चार जिने आमच्याबरोबर उतरल्या. कुलपात किल्ली फिरली आणि बाहेरची थंडी आत आली. तेवढ्यात चिरंजीव पुढे झाले आणि त्यांनी खिशातून काढलेले दहा सेंटचे नाणे, कोणी काही म्हणायच्या आत, बाईंच्या हातावर ठेवले. त्या हसतील असे मला वाटले. त्यांनी नाणे दिव्याकडे धरून पाहिले, मान लववून स्वीकारले आणि झग्याच्या खिशात टाकले.

आई तोपर्यंत उंबरठा ओलांडून गेली होती. पदपथ अजून अंधारात होता. दरवाजापासून हातभर पुढे ती थांबली, चाकांवर ओढीत आणलेली आपली जड बॅग तिने दोन्ही हातांनी उचलली, दोन पावले तशीच पोटाशी धरून चालली, आणि मग खाली ठेवली.